रस्त्याचा वेळ

माझ्या बायकोने माहेरी माझी बाजू घेतली ती त्या पोपटीच्या संध्याकाळी, शेवटची. आठवलं की आजही मान खाली जाते.

नोकरी रोह्याच्या कंपनीत, राहायला पेणला, रामवाडीत. शिफ्ट करून आलो की मी कॉम्प्युटरला चिकटायचो. मी स्वतः बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला होता आणि त्याला ऑनलाइन, एकेका मिनिटाच्या डावांत खेळवायचं मला खूळ लागलं होतं. ती जेवायला हाक मारायची. मी म्हणायचो, "पाच मिनिटं गो, आलोच." जेवण गार व्हायचं. दिवाळीला माहेरीसुद्धा ती एकटीच गेली. तिथे कोणी विचारलंच तर सांगायची, "ते कायतरी मोठं करतायत."

म्हणून थंडीत सासुरवाडीला पोपटीला गेलो, तेव्हा ते मोठं काय ते दाखवायलाच हवं होतं. सासुरवाडी रोह्याजवळच्या एका गावात. शेतात पोपटीचं, वालाच्या शेंगांचं मडकं विस्तवावर लागलं होतं. मेव्हणा मोबाइलवर बरा खेळतो. मीच त्याला डिवचलं. प्रोग्राम पेणला घरच्या कॉम्प्युटरवर चालूच होता. मेव्हण्याने त्याच्याशी एका मिनिटाचा डाव लावला आणि सगळे त्याच्या मोबाइलवर वाकले. सासूबाईंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तरी त्यांनी विचारलं, "आपला कंचा गो?"

"पांढरा, आये. ह्यांचा," बायको म्हणाली.

प्रोग्रामने मेव्हण्याची धूळधाण केली. त्याच्याकडे राजा आणि एक अडकलेलं प्यादं, एवढंच उरलं. बायको भावाला म्हणाली, "बघितलंस? सांगत होते ना मी?" पण मात दहा वाटांनी दिसत असल्यामुळे प्रोग्रामला कसली म्हणून घाई नव्हती. दुसरा वजीर करून तो इकडून तिकडे मिरवत राहिला आणि त्याचा वेळ संपला. मेव्हणा जिंकला. ते एक प्यादं खाल्लं असतं तरी, नुसत्या राजाला जिंकता येत नाही म्हणून, डाव बरोबरीत सुटला असता. तेवढीही तसदी माझ्या पठ्ठ्याने घेतली नाही.

सगळे हसले. मी भडकलो. "तुमच्या इथलं नेटच भिकार!"

"भावोजी, प्रोग्राम तर पेणला चाललाय ना?" मेव्हणा म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मग आणखीच हशा. तेवढ्यात बायको म्हणाली, "हसू नका उगाच. नेटचंच हाय ते." खोटं आहे हे तिला कळत होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि मी तिला बोलू दिलं. नंतर मडकं उघडलं, शेंगा वाटल्या, पण मला एकही घास गोड लागला नाही.

चूक घरी आल्यावर सापडली. मी प्रोग्रामला उरलेला वेळ पुरेपूर वापरायला शिकवलं होतं. खेळी ठरल्यावर ती पेणहून खेळाच्या साइटपर्यंत पोचायलाही वेळ लागतो आणि घड्याळ तोवर चालूच असतं, हे मी धरलंच नव्हतं. तपासताना त्याला घरच्या घरी स्वतःशीच खेळवलं होतं, तिथे रस्ता कुठला? आणि मी मात्र रोज नागोठण्याला बस अडकणार हे धरूनच घरातून निघतो. लाज वाटली.

प्रोग्राम सुधारला. वेळ हातचा राखायचा, मात दिसली की जवळची वाट धरायची. मी खुशीत बायकोला म्हटलं, "भावाला सांग, परत खेळू या. आता हरणार नाय."

"तुमचं तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी माहेरी आता काय सांगणार नाय."

प्रोग्राम आता वेळेवर हरत नाही. तिने जेवायला हाक मारणं मात्र बंद केलं. परवा मी आपणहून, वेळेत उठून स्वयंपाकघरात गेलो. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि ती जेवून आपलं ताट घासत होती.