बाटल्यांची कूस बदलणारे काका

"दार लावा आधी, मग बोला."

कुणीही खोलीत शिरलं की काकांचं पहिलं वाक्य हेच. समोर संस्थेचा अध्यक्ष असो नाहीतर चहावाला. एकदा तपासणीला आलेले एक साहेब उंबऱ्यात उभं राहून फोनवर बोलत होते. काका त्यांना म्हणाले, "आत या न्हायतर भायेर जा. मधी उभं राहू नका, माझी मंडळी गरम व्हतात."

मंडळी म्हणजे नर डुकराचं वीर्य. रोह्याच्या वाटेवरच्या आमच्या पैदास केंद्रात ते काढून, द्रावणात मिसळून लहान बाटल्यांत भरायचं आणि सतरा अंशांवर चालणाऱ्या पेटीत ठेवायचं. आसपासचे डुकरं पाळणारे त्या बाटल्या घेऊन जात. मी तिथं नोंदी ठेवायला होते. काका कागदावर मदतनीस होते, पण खोली त्यांची होती.

नाक मुरडलंत? मुरडा. सगळेच मुरडायचे. मुलीचं लग्न ठरवताना व्याह्यांनी विचारलं, "कामाला काय करता?" काका म्हणाले, "बाटल्या फिरवतो." व्याही दोन दिवस गप्प. त्यांना वाटलं, हे दारूच्या गुत्त्यावर आहेत. खरं काम कळल्यावर ते म्हणाले, त्यापेक्षा गुत्ता बरा. ही गोष्ट काकाच सांगायचे आणि खोकला येईपर्यंत हसायचे.

बाटल्या फिरवायच्या म्हणजे काय, तर आडव्या ठेवलेल्या बाटलीत सगळा जीव तळाला जाऊन बसतो. तिथं गर्दी होते, आणि गर्दीत ते लवकर मरतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली हळूच उलटायची. हलवायची नाही, फक्त कूस बदलायची. काका रविवारी यायचे, सणाला यायचे. जयंतीच्या जेवणावळीत पाण्याच्या बाटल्या आडव्या पडलेल्या दिसल्या, तर बोलता बोलता त्याही उलट्या करत. त्यांची बायको म्हणायची, "जेवा की वो, ती पाण्याची हाय."

तसा माणूस तापट. एकदा चौलहून एक गिऱ्हाईक थर्माकोलचा डबा घेऊन आलं. डबा बर्फाने गच्च भरलेला. आमच्या समुद्रकाठच्या माणसाचा बर्फावर देवापेक्षा जास्त विश्वास. काकांनी डबा उचलला आणि अंगणात उपडा केला.

"ही काय सुरमई हाय? जित्ती हायत ती! मासळी मेल्यावर बर्फात घालतात. ह्यांना जित्तं न्यायचं हाय."

"थंड राहावं म्हणून आणला हो, काका."

"सतरा म्हंजे सतरा. पंचवीसला बी मरतात आन् चारला बी मरतात. पोराला ताप येऊ नये म्हणून बर्फात निजवशील काय?"

मग स्वतःच त्याच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, कोरड्या डब्यात घातल्या आणि दुचाकीवर डबा उन्हात ठेवू नको म्हणून तीनदा बजावलं. ते गिऱ्हाईक पुढे डबा घेऊन आलं, की आधी उघडून दाखवायचं. "बघा काका, कोरडा हाय."

आता पुढचं सांगते. ते सांगताना माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

आमच्याकडे नवे व्यवस्थापक आले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांचं सगळं आयुष्य गाईम्हशींत गेलेलं, आणि प्रत्येक वाक्यात ते ऐकवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. काका काही सांगायला गेले की सर म्हणायचे, "तुम्ही बाटल्या फिरवा, डोकं आम्ही चालवतो."

मे महिन्यात काका एक दिवस मेव्हण्याच्या मयताला गेले आणि नेमकी त्याच सकाळी पेटी बंद पडली. काटा सतरावरून वीसवर गेला. मी काकांना फोन लावला. मागे रडारड ऐकू येत होती, तरी ते एकेक शब्द सावकाश बोलले. "ताई, घाबरू नका. माठातलं पाणी बादलीत घ्या. बाटल्या पिशवीत बांधून त्यात ठेवा, वर गोणपाट टाका. फ्रिजला हात लावू नका. कायबी झालं तरी फ्रिज न्हाय."

मी सरांना तसंच सांगितलं. सर हसले. "अहो, वळूचं वीर्य नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. ह्याला साध्या फ्रिजने काय होतंय? ठेवा आत."

आणि मी बाटल्यांचा ट्रे उचलला. हो, मीच. चहाच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पिशवीशेजारी, मी माझ्या हाताने तो ठेवला. 

दुपारी मेकॅनिकने पेटी सुरू केली. बाटल्या परत आत गेल्या, आकडा सतरावर आला. सर म्हणाले, "बघा, काही झालं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाटल्या सात गिऱ्हाइकांना गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघावा, एवढंही कुणाला सुचलं नाही.

काका दुपारी आले. हात धुतले, उरलेल्यातली एक बाटली घेतली, थेंब काचेवर टाकून डोळा लावला. बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग दुसरी बाटली, मग तिसरी.

"ताई, कुठं ठेवल्या व्हत्या?"

मी सांगितलं.  ते तडक सरांकडे गेले. "सर, सगळ्यांना फोन करा. सकाळच्या बाटल्या मेलेल्या हायत. वापरू नका म्हणावं."

"एवढं काय आभाळ कोसळलं? काही राहतील गाभण, काही नाही राहणार. नशीब म्हणतील लोक. केंद्राचं नाव खराब करायचंय का?"

"लोकं नशीब न्हाय म्हणत सर. लोकं डुकरीण वांझ म्हणतात आन् कसायाला देतात."

सर फाईल बघायला लागले. काका माझ्या टेबलापाशी आले, वहीतली सात नावं-गावं कागदावर उतरवून घेतली आणि सात गावं एसटीने, जिथं एसटी नाही तिथं पायी फिरले. बहुतेकांनी बाटल्या वापरल्याही होत्या. काकांनी प्रत्येक दारात जाऊन एकच सांगितलं. तीन आठवड्यांनी डुकरीण पुन्हा माजावर येईल, तिला विकू नका, तिच्यात खोट नाही, चूक आमच्या खोलीतली आहे.

त्यातली एक बाई आत डोंगराकडच्या गावची. तिच्याकडे तीन डुकरिणी होत्या आणि संसार त्यांच्यावरच चाले. आधीच्या खेपेलाही त्या गाभण राहिल्या नव्हत्या, म्हणून दीर विकायला टपला होता. ती काकांना म्हणाली, "दादा, तुम्ही सांगताय म्हणून थांबते. न्हायतर ह्या खेपेला गेल्याच व्हत्या."

हे सगळं एका गिऱ्हाइकाने फोनवर संस्थेला कळवलं. त्याने कौतुकानेच कळवलं होतं की तुमचा माणूस घरी येऊन चूक कबूल करून गेला. झालं! सरांना आयतंच सापडलं. चौकशीला संस्थेचे दोघे आले. सर म्हणाले, "मी काय बोलणार? त्यांनी स्वतःच गावोगाव कबूल केलंय."

"असं बोललात तुम्ही?" दोघांपैकी एकाने काकांना विचारलं.

"बोललो. बाटल्या माझ्या खोलीतून गेल्या. फ्रिजमधी ठेवल्या व्हत्या, म्हणून मेल्या."

"मग फ्रिजमध्ये कुणी ठेवल्या?"

"मी त्या दिशी मयताला व्हतो. जे हितं व्हते त्यांना विचारा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. माझी नोकरी कंत्राटी, घरी आजारी सासरे, ही कारणं मी तेव्हापासून रोज स्वतःला सांगते आणि रोज ती मला तेवढीच फालतू वाटतात. मी म्हटलं, "पेटी बंद पडली होती. बाकी मला माहीत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण फार सहज म्हणतो. फास कोण ओढतं, ते सांगत नाही.

काकांना त्याच दिवशी निघायला सांगितलं. सरांवर माझा राग आहेच. पण काकांवरही मला राग येतो, आज इतक्या दिवसांनीही येतो. का नाही ओरडलात माझ्यावर? बर्फाचा डबा उपडा करणारा माणूस ना तुम्ही? ते फक्त खोलीत गेले, संध्याकाळच्या बाटल्यांची कूस बदलली, आणि मला म्हणाले, "ताई, उद्या सकाळी विसरू नका."

त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत. मुलीकडे उरणला गेले म्हणतात. मी फोन लावला नाही. लावून काय बोलणार होते?

पावसाळा सरल्यावर ती डोंगराकडची बाई केंद्रावर आली. तिन्ही डुकरिणी पुढच्या माजाला फळल्या होत्या. पहिली व्यायली होती, दहा पिल्लं, दहाही जगली. तिने फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून आणली होती.

"दादा कुठं हायत?"

"ते आता नसतात इथं."

"सोडलं त्यांनी काम?"

"नाही. काढलं त्यांना."

"कशापायी?"

"त्या बाटल्यांपायी."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिचा आवाज चढला. "अगं बाई! ज्यानं खरं सांगितलं त्यालाच? आन् एक बी माणूस बोललं न्हाय? तुम्ही कुठं व्हतात तवा?"

"मी इथंच होते," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. टेबलावर ठेवलेलं फडकं उचललं, पुन्हा गाठ मारली आणि काखेत घेऊन ती बाहेर पडली.