शाफ्टला लावलेले कुंकू

मी शाळेतून निवृत्त झालो, त्याच वर्षी शाळेची जुनी व्हॅनही निवृत्त झाली. ती मी विकत घेतली आणि आत एक पलंग, गॅसची शेगडी व भांड्यांचे कपाट बसवून तिची घर-गाडी केली. कारण एकच होते. पत्नीच्या कंबरेला बसून प्रवास सोसत नव्हता आणि तंजावरला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला ती चार वर्षांत भेटली नव्हती. बहिणीने ऐंशी ओलांडली होती. आडवे पडून तंजावर गाठणे शक्य होते. गाडी मात्र थरथरायला नको होती.

ती थरथरत असे. वेग चाळीसवर गेला की कपाटातली भांडी वाजू लागत आणि पलंग पत्नीसह दाराकडे सरकू लागे. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या मेकॅनिकने गाडीखाली शिरून निदान केले: प्रोपेलर शाफ्ट. हा एक लांब लोखंडी नळ. गिअरबॉक्सचे फिरणे तो मागच्या चाकांपर्यंत पोहोचवतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे सांधे असतात, ते झिजले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमच्या गाडीतला हा नळ दोन तुकड्यांचा होता, एक दुसऱ्यात सरकणारा. जोडताना दोन्ही टोके एकमेकांशी नेमकी जुळली नाहीत, तर सांधे नवे घालूनही थरथर जात नाही. म्हणून शाफ्ट उतरवण्यापूर्वी मी दोन्ही तुकड्यांवरून खडूने एक सरळ रेघ ओढली आणि तिचा हेतू मेकॅनिकला दोनदा समजावून सांगितला.

"सरी, मेष्ट्रे," तो म्हणाला. सरी म्हणजे ठीक, आणि मास्तरांना आमच्याकडे मेष्ट्रे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी कोणीही हत्याराला कामाला लावत नाही. सारी धुऊन पूजेला मांडतात. मेकॅनिकने शाफ्टही रॉकेलने स्वच्छ धुतला, रेघेसकट, आणि पान्यांच्या शेजारी पाटावर ठेवला. पूजेला आम्हा दोघांना बोलावणे होते. पत्नीने पान्यांना कुंकू लावले, तसे शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांनाही लावले. तिला वाकता येत नसल्याने, जो भाग हाताला लागला तिथे.

पूजा उतरल्यावर मेकॅनिकने नवे क्रॉस बसवले आणि शाफ्ट जोडला, कुंकवाला कुंकू बरोबर जुळवून. आता गाडी विसाच्या वेगालाच थरथरू लागली.

मी खाली वाकून पाहिले आणि माझी रेघ कुठे गेली असे विचारले. ती धुतली गेली, तो म्हणाला, पण काळजी नव्हती, अक्कांनी दुसरी खूण केली होती. अक्का म्हणजे माझी पत्नी.

"अहो, ते कुंकू होतं."

"मेष्ट्रे, तुमचा खडू चुकेल एक वेळ. पूजेचं कुंकू कसं चुकेल?"

पत्नी वर पलंगावर पडून सगळे ऐकत होती. "माझंच चुकलंय, अण्णा," ती मेकॅनिकला म्हणाली. "हे सांगतात तसं करा. मला ताईला बघायचंय."

मेकॅनिकने शाफ्ट सोडवून माझ्या देखरेखीखाली, या वेळी दोन्ही टोके नेमकी जुळवून, पुन्हा जोडला. कुंकू पुसायला मात्र तयार झाला नाही.

पूर्ण भाराशिवाय चाचणीला अर्थ नसतो, हा माझा आग्रह. म्हणून पत्नी, तिची औषधे, कपड्यांची पेटी, बहिणीसाठी केलेले लाडू आणि स्वतः मेकॅनिक असे सगळे गाडीत चढले. परंतु चाळीसला होणारी थरथर तपासायची तर आधी चाळीसचा वेग लागतो, आणि तो बंगळुरात मिळत नाही. सर्जापूर रोडवर आम्ही दीड तास होतो. तिथला आमचा सर्वाधिक वेग अकरा. होसूर मागे पडल्यावर काटा चाळीसवर गेला. मग पन्नास, मग साठ. भांडी गप्प होती. मेकॅनिकने मागे वळून पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. पत्नी झोपली होती. प्रवासात ती झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

नियमाने आता परत फिरायला हवे होते. चाचणी संपली होती, मेकॅनिकच्या अंगावर तेलकट कपडे होते आणि त्याचे दुकान उघडे होते. वळायला जागा दिसली तसा मी वेग कमी केला.

"वळू नका," तो कुजबुजला. "अक्का जाग्या होतील."

मग त्याने शेजारच्या चहावाल्याला हळू आवाजात फोन करून दुकानाचे शटर ओढायला सांगितले.

कृष्णगिरीच्या पुढे पत्नीने डोळे न उघडताच विचारले, तंजावर आले का.

"आणखी स्वल्प आहे, अक्का," मेकॅनिक म्हणाला.

अजून जवळजवळ तीनशे किलोमीटर होते. मी त्याची चूक काढली नाही.