भाऊजींची चार तारांची गिटार

माझे धाकटे दीर बेचाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासत आले. लोखंडाच्या गोल वाटीवर ओली पूड टाकायची, तिच्यावर काच फिरवत राहायची आणि गिऱ्हाइकाच्या नंबराचा बाक आला की थांबायचं. गल्लीत त्यांना भिंगकाका म्हणतात. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत राहतो. भाऊजींना नाद एकच. दर रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत चार म्हातारे जमून वाजवतात, त्यांतली गिटार भाऊजींची.

पण इतकी वर्षं त्या ओल्या पुडीत हात घालून डाव्या हाताची दोन बोटं आखडली. सहा तारांच्या रुंद मानेवर ती पोचेनात. त्यात अकॉर्डियनवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, भाता असा ओढतात की बाकीचे तिघे वाजवतात की नुसते बसलेत ते कळू नये. एका रविवारी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "भिंगकाका, आता दगदग करू नका. पुढच्या महिन्यापासून माझ्या शेजारी बसा आणि माझ्या नोटेशनची पानं उलटा. तेवढंच मन रमेल."

व्हायोलिनवाले मास्तर आणि बासरीवाले कंपाउंडर यांनी माना डोलावल्या. तीस वर्षांची ओळख, आणि माना डोलावल्या. मी कोपऱ्यात विणत बसले होते. शिसारी आली. तरी खरं ते सांगते, घरी येताना मीही म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊजी, या वयात कशाला?"

"वहिनी, पानं उलटायला पंखासुद्धा चालतो," ते म्हणाले आणि माझ्या पुढे जिना चढून गेले.

एका मासिकात त्यांनी टेनर गिटारबद्दल वाचलं होतं. तिला चारच तारा असतात आणि मान अरुंद, आखूड. तारा सहा तारांच्या गिटारच्या पातळ चार तारांसारख्या लावल्या की बोटांच्या जुन्या सवयी तशाच चालतात. तिचाच एक प्रकार रेझोनेटरचा. पोटात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू बसवलेला असतो, लाउडस्पीकरमध्ये असतो तसा, त्यामुळे आवाज दणदणीत येतो. भाऊजींना हेच हवं होतं. हाताला सोपी, मांडीला हलकी, अकॉर्डियनला पुरून उरणारी आणि त्यांच्या पाकिटात होते तेवढ्या पैशांत बसणारी. महिना संपायला सोळा दिवस उरले होते.

मंगळवारी अकरा वाजता आम्ही वाद्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. भाऊजींनी स्वतःच्या कामाचं बुटकं स्टूल काखोटीला मारलं होतं. वाजवायला ते त्यावरच बसतात. "बसायची उंची बदलली की सगळं बदलतं. चष्मा कोणी उभ्या माणसाला एक आणि बसलेल्याला एक देतं का?" असं त्यांचं म्हणणं. विकणारा पोरगेला गडी तोंडात च्युइंगम घोळवत होता. स्टूल बघून तो खिदळला.

"अंकल, खुर्च्या आहेत आमच्याकडे. नातवंडांसाठी बघताय का?" असं म्हणून त्याने युकुलेले पुढे केलं.

"हे खेळणं झालं. रेझोनेटर दाखवा, चार तारांची."

एकच होती, आणि ती पूर्ण धातूची. आरशासारखी लखलखीत, हजारो बोटांचे तेलकट ठसे उमटलेली. भाऊजींनी ती मांडीवर घेतली. "वहिनी, भरलेला कुकर घेऊन बसल्यासारखं वाटतंय." मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं इतकी धारदार होती की त्यांच्या तळहाताला रेघ उठली. किंमत ऐकून आम्ही स्टूल उचललं. मागून तो गडी दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारा फर्निचर घेऊन फिरतो." त्याला वाटलं आम्हाला ऐकू येत नाही. भाऊजींना खरंच आलं नाही. मला आलं.

शुक्रवारी जुनी वाद्यं विकणाऱ्याकडे गेलो. बोळाच्या टोकाला तळघरातली खोली, ओल्या पोत्याचा वास, आणि भांडी घासायच्या बेसिनमध्ये तो माणूस खाकरून थुंकत होता. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर रुमाल नाकाला लावणं असभ्य मानायच्या. मी लावला. त्याने एक लाकडी रेझोनेटर टेनर काढली, अंगठा जिभेला लावला आणि तिच्यावरचा डाग पुसला. मग तोच अंगठा पँटला पुसून भाऊजींच्या हातात हात दिला.

"शंकूवरचं झाकण एकदाही उघडलेलं नाही. कारखान्यातून आली तशी."

भाऊजी स्टुलावर बसले. गिटार हलकी होती, मान त्यांच्या आखडलेल्या बोटांत अलगद मावली. त्यांनी चार सूर धरले आणि चेहरा असा उजळला की मला त्या खोलीचा अजूनच राग आला. पण तिसरी तार डब्यातल्या माशीसारखी भणभणत होती.

"हीच तर या वाद्याची गोडी," दुकानदार म्हणाला. "जाणकारांना कळते."

भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ झाकणाला टेकवलं. "नऊ स्क्रू आहेत. त्यांतल्या तीन स्क्रूंची डोकी कुरतडलेली. न उघडता कशी कुरतडली हो? उंदरांनी?" खिशातून चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी तारा सैल केल्या, स्क्रू काढले आणि झाकण उचललं. तो माणूस नको नको म्हणेपर्यंत काम झालंही होतं. आत शंकू एका बाजूने चेपला होता. तो वर उचलून धरायला खाली सिगारेटच्या पाकिटाची घडी आणि चघळून वाळलेल्या च्युइंगमचा गोळा. त्याला दातांच्या खुणा होत्या. भोवती झुरळांची अंडी.

"उघडलंत म्हणजे घेतलंत," दुकानदार म्हणाला. लाजेचा लवलेश नव्हता.

"चला भाऊजी. या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा नको."

"घेतो," भाऊजी म्हणाले. "पण मोडकीच्या भावात. आणि च्युइंगम काढून तुम्ही ठेवा, तुमचा आहे."

रस्त्यात मी त्यांना बोल बोल बोलले. ते म्हणाले, "मान चांगली आहे, वहिनी. माझी बोटं कोणी बदलून देणार नाही. शंकू माझा मी बघतो."

घरी त्यांनी तो शंकू साबणाने तीनदा धुतला, लोखंडी वाट्यांतली योग्य बाकाची वाटी निवडून त्यावर टेकवला आणि चमच्याच्या गुळगुळीत दांड्याने पोचा तांदळाएवढा उरेपर्यंत दाबत नेला. तिथे थांबायचं. पण घासलेली वस्तू निस्तेज ठेवणं या माणसाच्या रक्तात नाही. पॉलिशची लाल पूड काढली आणि घासत बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा शंकू चांदीसारखा झाला होता, आणि पोच्याच्या जागी सुईएवढं भोक पडलं होतं.

"बेचाळीस वर्षांत एक काच फोडली नाही," ते म्हणाले. "पत्र्याला काचेची जाडी नसते, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मी माझं पारदर्शक नेलपॉलिश आणून दिलं. भोकावर पातळ कागदाचा तुकडा आणि वर तीन थेंब. सुकायला त्यांनी पूर्ण दोन दिवस दिले, मध्ये हात लावला नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते स्टुलावर बसले. मॅनेजरांनी भाता ओढला. पहिल्याच गाण्यात गिटार त्यातून अशी वर आली, कोरडी, खणखणीत, की वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसलेला एकजण दारात येऊन उभा राहिला. मॅनेजर मध्येच थांबले.

"भिंगकाका, जरा हळू. पत्रा बडवल्यासारखं वाटतंय."

"ऐकू येतंय ना?"

"येतंय म्हणजे काय, फार येतंय."

"मग पानं तुमची तुम्ही उलटा," भाऊजी म्हणाले आणि गाणं थांबलं होतं तिथून सुरू केलं. मॅनेजरांना त्यांच्यामागून जावं लागलं.

नंतर मास्तर आणि कंपाउंडर त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. आम्हाला माहीतच होतं, म्हणत होते, भिंगकाकांशिवाय मैफल कसली. भाऊजी हसून सगळ्यांच्या थापा खात होते. त्या डोलावलेल्या माना ते विसरले असतील. कंपाउंडरांनी माझ्यापुढे चहाचा कप धरला, तो मी घेतला नाही. तो त्यांच्या हातात तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.