आईचं आधीचं नाव

माँट्रियलमधल्या ज्या म्हातारीचं जेवणखाण मी बघते, तिनं तिकीट काढून दिलं नसतं तर गेल्या उन्हाळ्यात मी उचगावला आईपाशी पोचलेच नसते. हे आधी सांगते. पुढचं सगळं कडू आहे, त्यात तिचे उपकार बुडायला नकोत.

म्हातारी दुपारभर आपले पूर्वज शोधते. फ्रेंच राजवटीत जहाजानं कॅनडात आलेले शिपाई. फौजेत पडलेलं टोपणनावच पुढं पोरांचं आडनाव व्हायचं, म्हणून एकेका घराला दोन-दोन आडनावं. त्यात ती गुरफटते, चिडते. पण आज्या, पणज्या तिला पटकन सापडतात. तिथल्या चर्चच्या नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं असायची.

"तुझ्या आईचं नाव?" तिनं विचारलं. मी सांगितलं. लग्नात ठेवलेलं, हेही सांगितलं.

"ते नवऱ्यानं दिलेलं. आधीचं?"

मला माहीत नव्हतं.

आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. पेढे वाटतात. जुनं नाव त्या ताटातच संपतं. मी सातवीत शाळा सोडली, पुढं मला निपाणीत दिली, तेव्हा माझंही तसंच संपलं. नवरा वारला, बेळगावच्या एका कुटुंबाची मुलं सांभाळत, त्यांच्याबरोबरच मी इथवर आले. पासपोर्टवर मात्र त्यानंच दिलेलं नाव.

आई उचगावात भावाकडं असते. अलीकडं ती कुणाला ओळखत नव्हती. वहिनी फोनवर म्हणायची, "शेजारच्या बायका नावानं हाका मारत्यात, पर त्या वळून बघत न्हाईत. दुसऱ्याच कुणाला तरी बोलवाय लागल्यागत बसत्यात." ते ऐकून म्हातारी म्हणाली, "पहिल्या नावानं हाक मारून बघ. ते सगळ्यात शेवटी जातं." ते सापडायच्या आधीच आई गेली तर?

गावी आले ती उचगावच्या आधी आईच्या माहेरी. जांबोटीला बसमधून उतरून मामाच्या वाडीपर्यंत चालत गेले. मामा गोठ्यात होता.

"मामा, आईचं म्हायेरचं नाव काय हुतं वो?"

"आक्का."

"ते न्हवं. नाव."

"आक्काच की. थोरली हुती. आमी आक्का म्हणायचो, आमचं ऐकून बा बी आक्काच म्हणायचा."

"बारशात काय तरी ठेवलं असंल की."

"असंल. आत्यानं कानात सांगितलं असंल. आत्या बी गेली." मग हसला. "नाव हुडकाय इमानातनं आलीस व्हय? तिकडं नावांचा दुष्काळ पडलाय काय गं?"

आई शाळेत गेली नव्हती, त्यामुळं दाखला नाही. मामी दारात उभी राहून हसत होती. मी तिलाच विचारलं, "मामी, तुमचं आधीचं नाव?" तिचं हसू थांबलं. "मला आठवतंय," ती म्हणाली, "पर कुणी इचारत न्हाय."

"चहा ठेव गं," मामा म्हणाला. ती आत गेली.

उचगावला आई सोप्यात बसली होती. मी "आई" म्हटलं. काही नाही. मग लाजत, भीत म्हटलं, "आक्का."

ती वळली. "आलीस व्हय गं? गुरं बांधलीस न्हवं?" आणि माझ्या तोंडावरनं हात फिरवला. वहिनी रडायला लागली. मला रडू येईना. तो हात माझ्यासाठी नव्हता. माझ्या मेलेल्या मावशीसाठी होता. पुढं रोज मी तिची धाकटी बहीण होऊन तिच्या हातनं भाकरीचा घास खाल्ला. निघायच्या दिवशी राहवलं नाही. "आई, येते," म्हटलं. ती भिंतीकडं बघत राहिली.

"मिळालं?" म्हातारीनं दारातच विचारलं. माझ्यासाठी काढलेल्या वंशावळीत तिनं आईची जागा राखून ठेवली होती.

"न्हाई. मोकळीच राहू द्या."

हल्ली तीही विसरते. चष्मा डोळ्यावर असून घरभर शोधते. मला धास्ती वाटते. लहानपणी तिची आई तिला ज्या नावानं हाक मारायची, ते मी तिच्याकडून घोकून घेतलंय. त्यातला फ्रेंच र अजून माझ्या घशातून नीट निघत नाही. तो मी शिकेन. एखाद्या दिवशी ती कुणाच्याच हाकेला वळेनाशी झाली, तर त्या नावानं हाक मारायला मी तिच्यापाशी असेन. आणि ती मला कुणीही समजली, तरी ओ देईन.