मामाचा गुडघा आणि मागचा हब

माझा मामा व्हर्नियरशिवाय जेवायलासुद्धा बसायचा नाही. व्हर्नियर म्हणजे केसाच्या जाडीपर्यंत माप सांगणारी स्टीलची पट्टी. लोक खिशाला पेन लावतात तशी ती त्याच्या शर्टाच्या खिशात असायची. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तो लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर होता, तेवीस वर्षं. रविवारी आमच्याकडे नौपाड्याला जेवायला यायचा. आईने सहज विचारलं, "पोळ्या जाड झाल्यात का रे आज?" की हा खरोखर पोळी पट्टीत धरायचा आणि सांगायचा, "ताई, दोन पॉइंट एक. मागच्या रविवारी एक पॉइंट आठ होती." आई कपाळाला हात लावायची. "माप घेतल्याशिवाय मत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि ते तो बढाई मारल्यासारखं नाही, तर हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायचा.

त्याचं लग्न झालं नाही. एकदा आम्ही टिटवाळ्याला मुलगी बघायला गेलो होतो. चहा आला, पोहे आले, मुलगी आली, आणि मामाचं लक्ष दाराकडे. दार करकरत होतं. सगळ्यांदेखत हा उठला, बिजागरीची पिन मोजली आणि मुलीच्या वडिलांना म्हणाला, "अर्धा मिलिमीटर झिजलीय. मी करून आणतो." पुढच्या आठवड्यात नवी पिन घेऊन गेलाही. पिन चपखल बसली, लग्न काही जमलं नाही. आईने त्यानंतर स्थळं बघणं सोडून दिलं.

चाळिशीत त्याने सायकल धरली. ऑफिसला जायची सायकल नाही. ठेंगणी, मजबूत माउंटन बाइक, सीट पार खाली, गिअर एकच. ती घेऊन पायऱ्यांवरून उड्या मारायच्या, कठड्यांवर चढायचं, हा खेळ. कळव्याला, त्याच्या घरापासून जवळ, एका बंद गोदामाच्या आवारात सिमेंटचा उतार होता. तिथे अठरा-वीस वर्षांची पोरं जमायची आणि त्यांच्यात हा टक्कल पडत चाललेला टर्नर. "शिंगं मोडून वासरांत शिरलायस," आई म्हणायची. मामा म्हणायचा, "वासरांचे ब्रेक मीच नीट करतो, ताई." पोरंही त्याला मामाच म्हणायची.

त्याचा आवडता प्रकार म्हणजे उलटं येणं. वेगाने उतारावर चढायचं, वर क्षणभर थांबायचं, आणि वळून न घेता तसंच मागे घरंगळत यायचं. मान वळवून मागे बघत. खाली पोचलं की एका हिसक्यात सायकल फिरवायची. "पुढे कुणीपण जातं गं बाय," मला तो म्हणायचा. तो मला बायच म्हणायचा, आजोळ कोकणातलं ना.

गणपतीच्या सुमारास तो तिथे पडला. उजवा गुडघा सुजला. मुका मार आहे म्हणाला, लेप लावला, पट्टा बांधला. सूज काही पूर्ण उतरली नाही. मग त्याच्या लक्षात आलं की उलटं येताना तो पाय फार दुखतो. त्याचं कारण मागच्या चाकाच्या हबमध्ये होतं. साध्या हबमध्ये सायकल मागे गेली की पेडलही मागे फिरतात, म्हणजे पाय उलटे फिरवत राहावे लागतात. फ्रीकोस्टर नावाचा हब मिळतो, त्यात चाक मागे गेलं तरी पेडल जागेवर राहतात. पाय नुसते ठेवायचे. "असा हब बसवला तर मी अजून दहा वर्षं खेळेन," मामा म्हणाला. नाही बसवला तर खेळ बंद, हे त्याने सांगितलं नाही, पण मला कळत होतं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? लेथ, आम्ही दोघी आणि तो उतार.

मग सुरू झाला आमचा रविवारचा उद्योग. जेवणानंतर आई आत पडायची, आणि गॅलरीत मामा बोलणार, मी लिहिणार. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही, म्हणून डायरी माझ्या हातात. डाव्या पानावर हब. हा छोट्या बीएमएक्स सायकलीचा, मामाच्या फ्रेमच्या मानाने पंचवीस मिलिमीटर अरुंद. तो रुंदीला बरोबर, पण ब्रेकची डिस्क लावायला जागाच नाही. तिसऱ्याला डिस्कची जागा आहे, पण उलटं येऊन पुन्हा पुढे पेडल मारलं की पकड येईपर्यंत पाय बराच वेळ रिकामा फिरतो आणि मग हिसका बसतो. चौथ्यात हे रिकामं फिरणं कमी-जास्त करता येतं. एवढ्याशा वस्तूवर आम्ही महिनेच्या महिने काढले. लोक घरं घेतात यापेक्षा लवकर.

उजव्या पानावर गुडघा. "सूज उतरतेय की नाही, ते मापाशिवाय कसं कळणार?" तो म्हणाला आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप मागितली. मी वाटीच्या चार बोटं वर टेप गुंडाळायची आणि लिहायची. पहिल्या रविवारी डावा सदतीस सेंटिमीटर, उजवा अडतीस. दिवाळीला उजवा साडेअडतीस. संक्रांतीला चाळीस. मी आकडा वाचायची, तो "हं" म्हणायचा, आणि आम्ही पुन्हा डाव्या पानावर जायचो. मत कुणीच दिलं नाही. त्यानेही नाही, मीही नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बीकॉम झालेली, बाळ नव्हते. नौपाड्यात आमच्या गल्लीत पाच दवाखाने आहेत.

एकदा मी विचारलं, "डिस्कची जागा कशाला पाहिजे? तू तर पाय टेकवूनच थांबतोस."

"आता उजवा नाही टेकवत मी."

"का?"

"तो नाही म्हणतो," मामा म्हणाला. "लिही, डिस्क पाहिजे."

मी लिहिलं.

शेवटी चौथा हब ठरला. पार्सल आलं तेव्हा त्याने आधी ते टेबलावर ठेवून हात धुतले. चाक त्याने स्वतः विणलं, एकेक तार ताणत, दोन दिवस सुट्टी टाकून. तेवीस वर्षांत त्याने मारलेल्या सुट्ट्या बोटांवर मोजता येतील.

होळीच्या आदल्या रविवारी मी कळव्याला गेले, बघायला. तो उतारावर चढला, डाव्या पायाच्या जोरावर. वर थांबला. मग मागे यायला लागला. पेडल हलत नव्हते. दोन्ही पाय शांत, आणि सायकल मागे मागे येतेय, पूर्ण उतार. पोरं शिट्ट्या मारत होती. खाली आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. मीही खूश होते. आठ-दहा वेळा वर गेला असेल. सायकलवरून उतरताना मात्र मला त्याला धरावं लागलं. त्या दिवशी उजवा एक्केचाळीस होता.

चार दिवसांनी तो लेथसमोर उभा राहू शकला नाही. कामावरच्या लोकांनी दवाखान्यात नेलं. फोटो काढले, मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मांडीच्या हाडाला गुडघ्याजवळ गाठ होती. पडण्याशी तिचा संबंध नव्हता, ती आधीपासून वाढत होती. डॉक्टरांसमोर मामा बसला होता, आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी, मी त्याची पिशवी धरून मागे. पिशवीत डायरी होती.

"सूज कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मामाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असेल महिना, दीड महिना. लक्षच दिलं नाही."

सहा महिने होऊन गेले होते. मला तोंडपाठ होतं, तारखेनिशी. मी पिशवीची चेन ओढून घेतली.

आई औषधं आणायला खाली गेल्यावर मी त्याला म्हटलं, "खोटं का सांगितलंस?"

"डायरीत अक्षर तुझं आहे, बाय," तो म्हणाला. "ताईने ते वाचायचं नाही. डायरी घेऊन जा तू."

पाय मांडीपासून काढला. तरी उशीर झाला होता, गाठ छातीत पोचली होती. पावसाळा त्याने आमच्याकडेच काढला. सायकल गोदामातल्या पोरांना देऊन टाक म्हणाला, आणि कोणत्या चाकात किती हवा लागते तेही सांगितलं. नवरात्रात गेला. मला रडू आलं नाही. बाराव्यापर्यंत येईल असं वाटलं होतं, वर्षश्राद्धापर्यंत तरी. आलं नाही. सगळं कळतं, वाटत काहीच नाही. माझी मामी असती, पोरंबाळं असती, तर मी त्यांना जाऊन सांगितलं असतं. सांगायला फक्त आई आहे.

आई अजूनही रविवारी दोन पोळ्या जास्त करते. करता करता म्हणते, "साधा भोळा माझा भाऊ. त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही गं शेवटपर्यंत. कुणाला कळलं असतं, तर हाताला धरून नेला असता मी."

मी "हो ना" म्हणते आणि ताटं घेते.