जेवणाची सुट्टी

नातवाच्या पोहण्याच्या नव्या चष्म्याला रबराचा वास येतो, आणि मला आखाती युद्धातला, सौदीतल्या अबकैकचा तेल कंपनीचा कॅम्प आठवतो. क्षेपणास्त्रांच्या भीतीने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. गॅस मास्क फक्त आम्हा इंजिनिअरांना मिळाले होते. कामगार रोज मागायचे आणि मी रोज ‘वर कळवलंय’ म्हणायचो. प्रत्यक्षात नोकरी जाईल या भीतीने मी वर एक शब्दही बोललो नव्हतो. एका शुक्रवारी दुपारी अमेरिकन सहकाऱ्याने दिलेली कॅसेट आम्ही मेसमध्ये लावली. कुणा दिग्दर्शकाने स्टुडिओच्या मदतीशिवाय, नटांऐवजी खरेखुरे कामगार घेऊन काढलेला तो सिनेमा होता. रंगाच्या कारखान्यात काळे-गोरे कामगार विषारी वाफेत राबत होते. आमच्या लोकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी संवाद हिंदीत सांगत होतो. अचानक पडद्यावर सगळ्यांनी यंत्रं बंद केली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. मी म्हणालो, “खाने की छुट्टी हुई.” दापोलीचा वेल्डर माझ्याकडे बघत राहिला. “साहेब, मग डबा कुणीच का नाय उघडला?” सगळे हसले. शेवटी कारखान्याचा मालक गयावया करत आला, तेव्हा मी सांगितलं, “शाबाशी दे रहा है.” वेल्डर उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळे तोंडाला ओले रुमाल बांधून कामावर आले. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर सांगतो, ती जेवणाची सुट्टी नव्हती. मास्क मिळेपर्यंत सिनेमातल्या कामगारांनी काम बंद ठेवलं होतं, आणि त्यांना मास्क मिळाले होते.