लोकसभेत सोनीचं एक वाक्य

मला आग्रा बघायचा होता आणि अप्पांना लोकसभा. अप्पा जिंकले, कारण नाशिकरोडच्या खिडकीवर तीन तास उभं राहून दिल्लीची तिकिटं त्यांनीच काढली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अप्पा म्हणजे माझे वडील. सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर बावीस वर्षं शाळा चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी नाशकात एका कचेरीत टायपिस्ट. राजभाषा आणि देशाचं सांस्कृतिक धोरण यांवर लोकसभेत चर्चा होणार, अशी बातमी पेपरात आली. हिंदी की इंग्रजी, तोच जुना वाद. अप्पा म्हणाले, "त्या दोघींचं चालू दे. आपल्याला मधे फक्त एक वाक्य बोलायचंय."

ते वाक्य सोनीचं. पंधराएक वर्षांपूर्वी तिसरीतल्या या मुलीनं धडा वाचता वाचता मान वर करून आपल्या डोंगरातल्या कोकणीत, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, विचारलं होतं, पुस्तकातली पोरं आपल्यासारखी का बोलत नाहीत? ही बोली शाळेत बोलायची नाही, असं अप्पाच रोज सांगायचे. तो प्रश्न देशाच्या सगळ्यात मोठ्या सभेत, सोनीच्याच शब्दांत, कुणीतरी विचारावा, एवढं एकच वेड म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं. आमच्या भागाचे खासदार त्याच डोंगरातले, त्यामुळे आशाही होती.

प्रवास लांबचा, पण मजेचा. डब्यात भाकरी, ठेचा आणि नागलीचे लाडू होते. भुसावळपर्यंत 'चहा, चहा' ऐकू येत होतं, इटारसीला त्याची 'चाय' झाली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "दिल्ली किस काम से?" अप्पा म्हणाले, "एक वाक्य पहुंचाना है।" त्यांनी पोस्टात नोकरी आहे का, असं विचारलं. मी खिडकीबाहेर बघून हसून घेतलं.

पहाडगंजात साधी खोली मिळाली. हिवाळ्यात जाणार असाल तर लोकरीचं नेमकं किती न्यावं याचा विचार करू नका, सगळं न्या. अप्पांची कानटोपी चार दिवस उतरली नाही.

चर्चेच्या दिवशी सकाळी आम्ही खासदारांच्या बंगल्यावर गेलो. लोकसभेचे पास त्यांच्याच सहीचे होते. त्यांनी आम्हाला पोहे दिले आणि वाक्य ऐकून घेतलं.

"गुरुजी, भाषण इंग्रजीत लिहून झालंय हो. मराठीत बोलायचं तर आधी कळवावं लागतं. दुभाष्या बसवतात."

"मग कळवा. अजून वेळ आहे."

"आणि तुमचं कोकणीतलं वाक्य?"

"ते तुम्हाला येतंच की. घरी काय इंग्रजीत बोलायचात?"

अप्पांचा स्वर वर्गातला होता. खासदारांनी निमूटपणे कागद ओढला आणि मराठीत बोलणार असल्याची चिठ्ठी लिहिली.

प्रेक्षकांच्या सज्जात जायचं असेल तर लक्षात ठेवा, खिशात काही चालत नाही. वही, पेन, पानसुपारी, सगळं बाहेर ठेवायचं. आत बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, टाळी तर नाहीच. पहारेकऱ्यानं अप्पांची कानटोपीही काढायला लावली, कारण भाषांतर ऐकायला कानाला लावायची यंत्रं तिच्यावर बसेनात. आमची मराठी हिंदीत कशी वाटते म्हणून मी हिंदीचं बटण लावलं.

दोन तासांनी आमचे खासदार उठले. ते मराठीत बोलू लागले आणि माझ्या कानात एक बाई झरझर हिंदीत सांगू लागली. फार छान सांगत होती. मग ते थांबले, वर आमच्याकडे बघितलं आणि सोनीचं वाक्य म्हणाले. कानातली बाई एकदम गप्प झाली. मी यंत्र काढलं, तर शेजारून खणखणीत आवाज आला, "शाब्बास!"

अप्पाच. बावीस वर्षांची सवय. बरोबर उत्तर आलं की शाब्बास म्हणायचं. अर्ध्या मिनिटात दोन पहारेकरी त्यांना बाहेर घेऊन गेले. मला लाजही वाटली आणि अभिमानानं रडूही आलं. खाली वेळ संपल्याची घंटा वाजली.

बाहेर अप्पा बाकावर बसले होते, हातात कानटोपी. "पुढे काय म्हणाले? सोनीचं नाव घेतलं?"

"नाही अप्पा. वेळ संपली."

आग्रा राहूनच गेला.

काही महिन्यांनी खासदारांनी कामकाजाचा छापील अहवाल नाशिकला पाठवला. त्यांच्या भाषणाचा हिंदी तर्जुमा होता, वर चांदणी, खाली 'मूळ भाषण मराठीत' अशी टीप. सोनीच्या वाक्याच्या जागी नुसती टिंबं. अप्पांनी ते पान दोनदा पाहिलं, सदरा चढवला आणि म्हणाले, "चल, सुरगाण्याची एसटी आहे."

डोंगरात एसटी संपली की पुढे जीप. पाड्यावर सोनी अंगणात नागली पाखडत होती. आता तिचा पोरगाच त्या शाळेत शिकत होता, तोही शेजारीच खेळत होता. अप्पांनी सगळं सांगितलं आणि पान पुढे केलं. तिनं बोट फिरवत फिरवत शोधलं.

"गुरुजी, यात माझं कुठं हाय?"

अप्पांनी खिशातून तपासणीची लाल पेन्सिल काढली. टिंबांवर तिचं वाक्य लिहिलं, तिच्याच बोलीत, आणि खाली तिचं नाव. "मी तुला असं बोलू देत नव्हतो. चुकलं माझं," ते म्हणाले.

सूप बाजूला ठेवून सोनीनं लाल ओळ एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली. घरचीच बोली कागदावरून ऐकून पोरगा आधी दचकला, मग खुदकन हसला आणि तिच्या मांडीवर चढून बसला.

"आये, परत वाच."